फुकट ज्ञानाचे विकत पुस्तक

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्यात जर्मनीतील पुस्तकांच्या दुकानांत एक जाडजूड ग्रंथ विक्रीस आला. पृष्ठे सुमारे एक हजार, किंमत १९ युरो ९५ सेंट, प्रकाशक बर्टेल्समान या बलाढ्य उद्योगाच्या घरचा, आणि नाव ‘एका खंडातील विकिपीडिया-कोश’. ग्रंथाच्या बाह्यरूपात नवल वाटावे असे काही नव्हते. नवल होते ते त्याच्या विक्रीचे. त्यातील मजकूर ज्या ठिकाणाहून घेतला होता, तेथे तो कोणासही, कोणत्याही वेळी, एक पैही न मोजता वाचावयास मिळत होता; आणि तोही ग्रंथातल्यापेक्षा अधिक विस्ताराने. गावच्या विहिरीचे पाणी घागरीत भरून त्याच गावात विकावयास बसावे, तसा हा प्रकार वरकरणी दिसतो. मग या व्यवहारात लबाडी होती काय? मुळीच नव्हती. ग्रंथाच्या नावातच मजकुराचे मूळ सांगितले होते. वाचक ज्या शब्दांचा शोध वारंवार घेत, त्यांवरून लेखांची निवड झाली होती. मोठमोठे लेख कापून त्यांचे सार तेवढे ठेविले होते. आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे एक युरो जर्मनीतील विकिमीडिया संस्थेस द्यावयाचा असे ठरले होते. घागर भरणाऱ्याने पाण्याची किंमत घेतली नाही; पाणी गाळण्याची व वाहून आणण्याची घेतली.

हा व्यवहार नीट समजावयाचा तर विकिपीडिया हा कोश मुळात कोणाच्या मालकीचा, हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात कोशाची कल्पना रुजविली ती डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग सिद्धीस नेण्यासाठी त्यांनी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले, पगारी लेखकवर्ग बसविला. त्या कोशाला धनी होता, संपादक होता आणि गिऱ्हाईकही होते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही चालू असलेल्या विकिपीडियाची घडण याच्या अगदी उलट आहे. त्यात लिहिणारे हजारो, बहुतेक टोपणनावाने लिहिणारे, आणि मोबदला न घेणारे. अमेरिकेतील विकिमीडिया प्रतिष्ठान यंत्रसामग्री सांभाळते, परंतु लेखांचे स्वामित्व त्याच्याकडे नाही. ते ज्याचे त्या लेखकाकडेच राहते. मात्र लेखक आपला मजकूर घालताना एका परवान्याला संमती देतो, आणि पुढील सर्व व्यवहाराची किल्ली त्या परवान्यात आहे.

इंग्रजी भाषेत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळे अर्थ सांगावे लागतात, आणि त्यामुळे तिकडे बराच घोटाळा माजतो. मराठीचे भाग्य असे की, तिच्यापाशी दोन शब्द आहेत : एक ‘फुकट’ आणि दुसरा ‘मुक्त’. विकिपीडिया वाचावयास फुकट आहे, ही त्यातली लहानशी गोष्ट. तो मुक्त आहे, ही मोठी. मुक्त म्हणजे तो कोणीही उतरून घ्यावा, बदलावा, भाषांतरित करावा, छापावा, आणि विकावाही. किती किंमतीस विकावा, यावर परवान्यात कसलेही बंधन नाही. व्यापारास मनाई करणारे परवानेही जगात आहेत. विकिपीडियाने तसा परवाना पत्करला नाही, आणि ते योग्यच झाले. ज्या खेड्यात वीज जाते-येते, जेथे शाळेत संगणक कपाटात बंद असतो, तेथवर ज्ञान पोचवावयाचे तर कागदच लागतो. आणि कागद, शाई, बांधणी, टपाल यांपैकी काहीच फुकट मिळत नाही. पदरमोड करून छापणारा दाता एखादा भेटेल. पोटासाठी छापणारे शंभर भेटतील.

परंतु मुक्त म्हणजे बेवारशी नव्हे. आरंभीची आठ वर्षे विकिपीडियाचा मजकूर ज्या परवान्याखाली होता, तो मूळचा संगणक-प्रणालींच्या माहितीपुस्तकांसाठी रचलेला होता. त्याची एक अट अशी की, प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा संपूर्ण मसुदा छापला पाहिजे. पाचशे पानांच्या ग्रंथास ही गोष्ट जड नाही. पण एखाद्या शिक्षकास आंब्यावरचा एक लेख विद्यार्थ्यांना छापून वाटावयाचा असेल, तर दोन पानांच्या आंब्यामागे कित्येक पानांचा कायदा जोडावा लागे. जून २००९ मध्ये ही अडचण दूर झाली आणि ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाच्या सुटसुटीत परवान्याखाली मजकूर आला. २०२३ मध्ये त्याचीच चौथी आवृत्ती स्वीकारण्यात आली. या परवान्याच्या मुख्य अटी दोन. पहिली ही की, मजकूर ज्यांचा आहे त्यांचा निर्देश करावयाचा; सर्व लेखकांची नावे द्यावयाची किंवा ज्या पानावर ती नोंदलेली आहेत त्याचा पत्ता छापावयाचा, मजकूर कोणत्या परवान्याखाली आहे ते सांगावयाचे, आणि आपण त्यात काही बदल केला असेल तर तसे कळवावयाचे. दुसरी ही की, बदललेला मजकूरही त्याच परवान्याखाली पुढे सोडावयाचा.

ही दुसरी अट छापणाराच्या पचनी पडणे कठीण. मराठी पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागे ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ इतक्या पिढ्या छापली जात आहे की, ती पुस्तकाचा एक अवयवच होऊन बसली आहे. विकिपीडियाच्या मजकुराचे पुस्तक काढणाऱ्यास ती ओळ छापण्याचा अधिकार नाही. स्वतःची प्रस्तावना, स्वतः काढवून घेतलेली चित्रे, यांवर तो हक्क ठेवू शकेल. पण लेखांच्या बाबतीत त्याने जे दहा रुपयांना विकले, ते शेजारच्या दुकानदाराने पाच रुपयांना विकले, तर त्यास तक्रार करता येणार नाही. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करून छापले, तरी तीच गत. कारण भाषांतर हेही मूळ मजकुराचेच रूपांतर. आणखी एक बारकावा असा की, मजकूर मुक्त असला तरी ‘विकिपीडिया’ हे नाव आणि त्याचे ते कोड्याच्या तुकड्यांच्या गोलाचे चिन्ह मुक्त नाही. ते प्रतिष्ठानचे व्यापारचिन्ह आहे. कोणी ते मुखपृष्ठावर ठळकपणे मिरवू लागला, तर पुस्तक प्रतिष्ठानच्याच संमतीने निघाले असा समज होईल, म्हणून त्यास वेगळी परवानगी लागते.

अशा अटींवर धंदा करू पाहणारे पहिले धाडसी लोक जर्मनीत निघाले. बर्लिनच्या डिरेक्टमेडिया या प्रकाशनसंस्थेने २००४ व २००५ साली जर्मन विकिपीडियाची तबकडी काढून विकली. तिच्याच परिवारातील एका संस्थेने २००६ च्या आरंभी सबंध जर्मन विकिपीडिया शंभर खंडांत छापण्याचा संकल्प सोडला, आणि थोड्याच दिवसांत तो गुंडाळूनही ठेविला. कोणीही विचार केला असता तर हे आधीच ध्यानात आले असते. ‘अ’ चा खंड छापून होईतो ‘अ’ मधील निम्मे लेख बदललेले असावयाचे. आणि अखेरचा खंड बाहेर पडेल त्या दिवशी पहिला खंड जुन्या पंचांगासारखा झालेला असावयाचा. बर्टेल्समानच्या एका खंडाचीही पुढे परंपरा झाली नाही. त्या उद्योगाने नंतर ब्रोकहाउस हा जर्मनीचा दोनशे वर्षांचा नामांकित कोश विकत घेतला, आणि २०१३ साली कोशांचा तो विभागच बंद करण्याचे जाहीर केले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकानेही छापील खंडांचा निरोप घेतल्याचे २०१२ च्या मार्च महिन्यात सांगून टाकले होते.

यापेक्षा शहाणपणाची कल्पना माइन्त्स नगरात निघाली. योहान्नेस गुटेनबर्ग याने युरोपात खिळ्यांची छपाई जेथे प्रथम सिद्ध केली, तेच हे नगर. तेथील पीडियाप्रेस या संस्थेने २००७ च्या डिसेंबरात विकिमीडिया प्रतिष्ठानशी करार केला. व्यवस्था अशी की, वाचकाने आपणास हवे ते लेख स्वतःच निवडावयाचे, त्यांची प्रकरणे पाडावयाची, पुस्तकास स्वतःच नाव द्यावयाचे आणि मागणी नोंदवावयाची. मग त्या एकाच वाचकासाठी त्या पुस्तकाची एकच प्रत छापून, बांधून, टपालाने यावयाची. उत्पन्नाचा काही अंश प्रतिष्ठानास जाई. अखेरच्या पानांवर प्रत्येक लेखाचे मूळ, त्याचे लेखक आणि प्रत्येक चित्राचा परवाना छापलेला असे. यात वाचकाची फसवणूक होण्यास जागाच नव्हती, कारण निवड करणारा व विकत घेणारा एकच मनुष्य. आपण कशाचे पैसे देत आहो, हे त्यास पुरते ठाऊक.

मात्र जी छपाईची युक्ती माइन्त्समध्ये वाचकाच्या सोयीची ठरली, तीच दुसरीकडे निराळ्या कामास लागली. मागणीप्रमाणे छपाई या तंत्रात पुस्तक आधी छापून ठेवावे लागत नाही; फक्त त्याचे नाव विक्रेत्याच्या यादीत चढवावयाचे. गिऱ्हाइकाने पैसे भरले म्हणजे मग यंत्र फिरू लागते. जर्मनीतील झारब्र्युकन येथील व्हीडीएम या प्रकाशनगृहाने मॉरिशसमधील बो बासँ येथून ‘अल्फास्क्रिप्ट’ नावाची पुस्तकमाला चालविली. तिने अशी हजारो पुस्तके यादीत चढविली. एखाद्या विषयावरील एक लेख, त्यात उल्लेखिलेल्या आणखी काही विषयांवरचे लेख, इतके एकत्र बांधले की पुस्तक झाले. संपादक म्हणून त्याच तिघांची नावे हजारो पुस्तकांवर. विषय रेल्वेचा असो, रोगाचा असो, वा एखाद्या विस्मृत लढाईचा असो. तीन माणसांनी इतक्या विद्या आत्मसात केल्या, असे मानावयाचे तर ती बृहस्पतीलाही लाजविणारी गोष्ट म्हटली पाहिजे.

न्यायाची बाजूही येथे सांगितली पाहिजे. ही पुस्तके बेकायदा नव्हती. त्यांच्या मुखपृष्ठावर मजकूर विकिपीडियाच्या लेखांचा असल्याचे इंग्रजीत छापलेले असे, आणि तो उच्च प्रतीचा असल्याची ग्वाहीही असे. परंतु संगणकाच्या पडद्यावर यादी पाहून पुस्तक मागविणाऱ्यास मुखपृष्ठाचे चित्र टपालतिकिटाएवढे दिसते; त्यावरील बारीक अक्षर कोण वाचणार? त्यास दिसते ते पुस्तकाचे भारदस्त नाव, तीन संपादक, आणि बरीच मोठी किंमत. हल्ली किंमत हीच गुणवत्तेची खूण मानण्याची रीत पडली आहे. एखाद्या दुर्मिळ विषयाचा अभ्यासक, ज्याला त्या विषयावर दुसरे पुस्तकच मिळत नाही, तोच या जाळ्यात प्रथम सापडतो. कारण त्याची गरज मोठी आणि निवडीस वाव थोडा. घरी पार्सल उघडल्यावर जे पंधरा मिनिटांत फुकट वाचून झाले असते, तेच हाती आलेले पाहून त्यास काय वाटत असेल, ते सांगण्याची गरज नाही. कायद्याने येथे कोणाचे काही चोरले गेले नाही, तरीही गिऱ्हाईक नागवले गेले. परवान्याने लेखकाच्या नावाचे रक्षण केले. वाचकाच्या खिशाचे रक्षण करणे हे परवान्याचे कामच नव्हे, आणि ते कोणी आपले मानलेही नाही.

खिशाचे नुकसान एकदाच होते. ज्ञानाचे जे नुकसान होते, ते मात्र पुनःपुन्हा होत राहते. विकिपीडियाचा नियम असा की, त्यातील विधानास बाहेरच्या विश्वसनीय ग्रंथाचा आधार असावा. आता त्याच विकिपीडियातून उतरून काढलेले पुस्तक दुसऱ्याने आधार म्हणून पुढे केले, तर आरशासमोर आरसा ठेवल्यासारखे होते. असे प्रत्यक्ष घडते याचे एक प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतलेच आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थेओडोर त्सू गुटेनबर्ग हे तेथील अर्थमंत्री झाले. (मुद्रक गुटेनबर्गाशी यांची गल्लत कोणी करू नये, यांच्या नावात एक ‘ट’ अधिक आहे.) या सरदार घराण्यातील गृहस्थांस दहा नावे होती, कोणा खोडकराने विकिपीडियात त्यांच्या ओळीत ‘विल्हेल्म’ हे अकरावे नाव घुसडून दिले. दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या वृत्तपत्रांनी अकराही नावे छापली. विकिपीडियाच्या संपादकांस शंका येऊन त्यांनी आधार मागितला, तेव्हा आधार म्हणून त्या वृत्तपत्रांचेच दाखले देण्यात आले. ही थट्टा लवकरच उघडकीस आली, कारण माणूस मंत्री होता. एखाद्या अप्रसिद्ध किल्ल्याच्या सनावळीत अशी चूक शिरली, ती पुस्तकात बांधली गेली, आणि पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवर क्रमांक लावून बसले, तर ती कोण उघडकीस आणणार? पडद्यावरील चूक आज सुधारता येते. छापील चुकीला पुठ्ठा असतो, आणि पुठ्ठ्याचा दरारा अजून गेलेला नाही.

दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण फ्रान्समधले आहे. तेथे मजकूर घेणारा कोणी सामान्य विक्रेता नव्हता, तर मिशेल वेलबेक हा विख्यात कादंबरीकार होता. २०१० साली गोंकूर पारितोषिक मिळालेल्या त्याच्या कादंबरीत घरमाशीचे आणि एका गावाचे वर्णन फ्रेंच विकिपीडियातून जवळजवळ जसेच्या तसे उतरलेले आढळले, आणि त्याचा निर्देश कोठेच नव्हता. लेखकाचे म्हणणे, हे वाङ्मयीन तंत्र आहे. त्यावर कायद्याच्या एका अभ्यासकाने असा तर्क लढविला की, मुक्त मजकूर आत मिसळल्यामुळे सबंध कादंबरीच मुक्त झाली. आणि त्याने ती पुरी आंतरजालावर चढवूनही दिली. प्रकाशकाने हरकत घेतली व ती प्रत काढून टाकावी लागली. तर्क अतिरेकी होता यात संशय नाही. तथापि त्या टोपणनावाच्या लेखकांनी मागितले होते ते इतकेच की, आमचे नाव घ्या. आणि आपले नाव मुखपृष्ठावर एवढ्या मोठ्या टाइपात छापून घेणाऱ्याला ते अवघड का वाटावे, याचे उत्तर वाङ्मयीन तंत्रात सापडत नाही.

ही नावे म्हणजे किती, याचा अंदाज मायकेल मँडिबर्ग या अमेरिकन कलावंताच्या एका उपक्रमाने आला. २०१५ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या एका चित्रदालनात सबंध इंग्रजी विकिपीडियाचे छापील रूप मांडण्यात आले. खंड ७,४७३, आणि प्रत्येकाची पृष्ठे सातशे. अर्थात ते सर्व छापले नव्हते. १०६ तेवढे प्रत्यक्ष छापून फळीवर ठेविले होते आणि उरलेल्यांच्या पाठी भिंतीवर चित्ररूपाने रेखाटल्या होत्या. ज्यास हवा त्याने कोणताही खंड ८० डॉलरला मागवावा. संपूर्ण संच पाच लक्ष डॉलरला. अनुक्रमणिकाच ९१ खंडांची होती. आणि शेवटी ३६ खंड असे होते की, ज्यांत लेख एकही नाही, केवळ लिहिणारांची नावे. ती सुमारे ७५ लक्ष भरली.

मराठीत असे पुस्तक काढावयाचे झाल्यास काय करावे लागेल? अडचण मराठी विकिपीडियाच्या परवान्याची नाही, तो तोच आहे. मराठीतील पुष्कळ लेख चार-पाच ओळींचे आहेत; त्यांचे पुस्तक बांधले तर ते पुस्तक न होता यादी होईल. म्हणून प्रकाशकाने प्रथम एक विषय निवडावा. समजा, त्याने सह्याद्रीतील घाटवाटा निवडल्या. आंतरजालावरून लेख उतरविणे हे तासाभराचे काम. खरे काम त्यापुढचे : त्या विषयाच्या जाणकाराकडून प्रत्येक अंतर, प्रत्येक सन आणि प्रत्येक गावाचे नाव तपासून घेणे, एका लेखात एक आणि दुसऱ्यात दुसरी अशी जी शुद्धलेखनाची रीत असते ती सारखी करणे, नकाशा काढवून घेणे, आणि चित्रांची छाननी करणे. शेवटची गोष्ट विशेष जपून करावयाची आहे, कारण लेखाचा परवाना चित्रास लागू असतोच असे नाही. प्रत्येक चित्राचा परवाना निराळा, छायाचित्रकार निराळा. आणि इंग्रजी विकिपीडियात तर काही चित्रे तेथील कायद्याच्या सवलतीवर ठेविलेली असतात, ती पुस्तकात घेताच येत नाहीत. झालेल्या दुरुस्त्या प्रकाशकाने मूळ लेखांतही घालून ठेवाव्यात. तसे बंधन त्याच्यावर नाही. परंतु ज्या विहिरीतून घागर भरली, तिच्यात पडलेला पाचोळा काढावयास हात दुखत नाहीत.

एवढे श्रम केल्यावर त्याने पुस्तकास दोनशे रुपये किंमत लावली, तर ते दोनशे रुपये त्याच्या हक्काचे आहेत आणि गिऱ्हाइकाने ते आनंदाने द्यावेत. शीर्षकपृष्ठामागे जेथे ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापण्याची सवय आहे, तेथे मजकूर मराठी विकिपीडियातील असल्याचे मोठ्या टाइपात छापावे, परवान्याचे नाव द्यावे, आणि लेख कोणत्या तारखेस उतरून घेतले तेही नोंदवावे, म्हणजे पुढे मूळ लेख बदलला तरी छापील लेख कोठला, याचा माग लागेल. संपादक म्हणून नाव घालावयाचे ते ज्याने तपासले त्याचे. शेवटची तीन-चार पाने नावांसाठी राखावी लागतील. त्यांत कोणी ‘अभय’ असेल, कोणाचे नाव नुसते आकड्यांचे असेल, कोणी एखाद्या फुलाचे नाव घेतलेले असेल. ती जशी नोंदलेली आहेत तशीच, काना-मात्रा न बदलता, छापावयाची आहेत.